डार्क चॉकलेट व्हिगन आहे का, हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं

दूध सोडून चार महिने झाले होते. कोऱ्या चहाची सवय लागली होती, दह्याशिवाय जेवण होत होतं, आणि रात्री गोड खावंसं वाटलं की डार्क चॉकलेटचा एक चौकोन तोंडात टाकायचा, असा माझा नेम ठरून गेला होता. डार्क म्हणजे बिनदुधाचं, असं मी धरूनच चालले होते. एका संध्याकाळी सातवीतली भाची शेजारी येऊन बसली. शाळेत तेव्हा पाकिटावरची माहिती वाचायचा प्रकल्प चालू होता. तिने रॅपर उलटं केलं, चिकटवलेली घडी नखाने उघडली आणि मोठ्याने वाचायला लागली: साखर, कोको सॉलिड्स, कोको बटर, बटर ऑइल... मग थांबून म्हणाली, "मावशी, बटर ऑइल म्हणजे लोण्याचंच ना?"

हो, लोण्याचंच. चार महिने मी तेच खात होते. आजोळच्या गोठ्यात वासराला आईपासून लांब बांधलेलं पाहिलं आणि त्या दिवसापासून मी दूध सोडलं, त्यामुळे ही गोष्ट मला फार लागली. पुढचं वर्षभर मी दिसेल ते रॅपर वाचलं, कंपन्यांना पत्रं लिहिली, नियम शोधून वाचले. नुकतंच व्हिगन झालेल्या, म्हणजे दूध-मधासकट प्राण्यांपासून मिळणारं सगळं सोडलेल्या माणसाला त्यातलं जे लागेल ते इथे क्रमाने लिहिते आहे.

लागणाऱ्या वस्तू

फार काही नाही. कॅमेरा चांगला असलेला फोन, कारण रॅपरवरची अक्षरं बारीक असतात आणि सोनेरी कागदावर तर दिसतच नाहीत. फोटो काढून मोठा करून वाचायचा. फोनमध्ये भाषांतराचं अ‍ॅप, परदेशी पाकिटांसाठी. दुधाच्या वेगवेगळ्या नावांची यादी, ती तिसऱ्या पायरीत दिली आहे. आणि पहिल्यांदा पाच मिनिटांची सवड. नंतर वीस सेकंदांत काम होतं.

पायरी १: 'डार्क' हा शब्द आणि टक्क्यांचा आकडा बाजूला ठेवा

'डार्क' या शब्दावरून कोको जास्त असल्याचा अंदाज येतो, पण दुधाबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. अमेरिकेच्या नियमांत 'डार्क चॉकलेट' अशी स्वतंत्र व्याख्याच नाही. असे बार तिथे 'स्वीट चॉकलेट' या गटात मोडतात आणि त्या गटात दुधाचे घनपदार्थ १२ टक्क्यांपेक्षा कमी असले की चालतात. म्हणजे कायदा पाळूनही डार्क बारमध्ये बऱ्यापैकी दूध असू शकतं.

दूध घालतात कशासाठी? एक तर दुधाची चरबी कोको बटरपेक्षा स्वस्त पडते. दुसरं, तिच्यामुळे चॉकलेट जरा मऊ होतं आणि कडवटपणा बोचत नाही. तिसरं कारण आपल्याकडे जास्त लागू आहे: उन्हाळ्यात चॉकलेट वितळून पुन्हा घट्ट झालं की वर जी पांढरट झाक येते, ती दुधाच्या चरबीमुळे उशिरा येते.

टक्क्यांचंही तसंच. पुढच्या बाजूला ७० टक्के लिहिलेलं असतं तो कोकोच्या घन भागाचा आणि कोको बटरचा मिळून आकडा असतो. उरलेल्या ३० टक्क्यांत साखर असते, आणि इच्छा असेल तर त्यातच दुधाची चरबीही बसते. ८५ टक्क्यांच्या पुढे मला दूध क्वचितच सापडलं, ५०-५५ च्या आसपास मात्र बरेचदा. तरीही आकडा बघून बार टोपलीत टाकू नका.

एक फसगत माझी दोनदा झाली, म्हणून मुद्दाम सांगते. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतला साधा बार बिनदुधाचा असतो, पण त्याचाच संत्र्याचा, समुद्री मिठाचा किंवा कॅरॅमलचा भाऊ दुधाची चरबी घेऊन येतो. रॅपर सारखं, फक्त पट्टीचा रंग वेगळा. साधा वाचला म्हणून चवीचा न वाचता उचलायचा नाही.

पायरी २: हिरव्या ठिपक्याचा अर्थ नीट समजून घ्या

हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका बघून निश्चिंत होण्याची आपल्याला लहानपणापासून सवय आहे. शाकाहारी माणसाला तो पुरतो. व्हिगन माणसाला पुरत नाही.

एफएसएसएआय, म्हणजे देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण. त्याच्या लेबलिंगच्या २०२० च्या नियमांत मांसाहारी पदार्थाची व्याख्या आहे: प्राण्याचा, पक्ष्याचा, माशाचा, कीटकाचा कोणताही भाग, अंडं, प्राण्यापासून मिळालेलं काहीही. पण याच व्याख्येतून काही गोष्टी वगळल्या आहेत: दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचं मेण आणि शेलॅक, म्हणजे लाख. हे सगळं असूनही पाकिटावर हिरवा ठिपका येतो, आणि तो नियमाप्रमाणेच असतो. कंपनी तिथे फसवत नसते, तो ठिपका आपल्यासाठी बनवलेलाच नाही.

तरी त्याचा एक मोठा उपयोग आहे आणि तो सोडू नका. हिरवा ठिपका असला की जिलेटिन, अंडं, प्राण्यांची चरबी, कीटकांपासून काढलेला लाल रंग, हे सगळे प्रश्न एका फटक्यात निकालात निघतात. मग शोधायला चारच गोष्टी उरतात: दूध, मध, मेण, लाख. चौथ्या पायरीत याचा फायदा कळेल.

आपल्यासाठीचं चिन्ह वेगळं आहे. हिरव्या रंगातला इंग्रजी 'व्ही', त्याच्या टोकाला कोवळं पान, आणि खाली व्हिगन असा शब्द. सप्टेंबर २०२१ मध्ये ते जाहीर झालं आणि २०२२ मध्ये व्हिगन अन्नाचे स्वतंत्र नियम आले. त्या नियमांप्रमाणे नुसते घटकच काय, स्वाद, एन्झाइम आणि प्रक्रियेत वापरलेल्या मदतीच्या वस्तूसुद्धा प्राणिजन्य चालत नाहीत. हे चिन्ह दिसलं तर पुढच्या बहुतेक पायऱ्या सोडून द्या आणि बार घ्या.

पण चिन्ह नाही म्हणून बार बाद करू नका. ते लावायला कंपनीला मंजुरीची वाट चालावी लागते, आणि कोकोच्या बियांपासून स्वतः चॉकलेट बनवणारे लहान उत्पादक बऱ्याचदा त्या वाटेला गेलेले नसतात. त्यांच्या बारमध्ये कोको, कोको बटर आणि साखर एवढंच असतं. मला आवडलेली उत्तम चॉकलेटं बहुतेक अशीच निघाली.

पायरी ३: घटकांची ओळ शेवटच्या शब्दापर्यंत वाचा

सगळा निकाल या ओळीत आहे. बाकी सगळं रॅपर तुम्ही पाहिलं नाही तरी चालेल.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणून साखर किंवा कोको पुढे येतो आणि दुधाची चरबी शेवटाकडे. माझ्या त्या बारवर बटर ऑइल अगदी कडेला, घडीच्या आत होतं. म्हणून घडी उघडून वाचा. दुकानदार काही म्हणत नाहीत. फक्त आतला चंदेरी कागद फाडू नका.

ही नावं दिसली तर बार परत ठेवा:

- मिल्क सॉलिड्स, मिल्क पावडर, स्किम्ड मिल्क पावडर
- मिल्क फॅट, बटर ऑइल, बटर फॅट, अनहायड्रस मिल्क फॅट, क्लॅरिफाइड बटर (हे आपलं साजूक तूपच)
- व्हे पावडर, व्हे प्रोटीन (पनीर किंवा चीज करताना निघणारं पाणी, वाळवलेलं)
- लॅक्टोज (दुधातली साखर)
- केसिन, सोडियम केसिनेट (दुधातलं प्रथिन)
- क्रीम पावडर, योगर्ट पावडर, माल्टेड मिल्क
- हनी, म्हणजे मध

आता उलटी बाजू. काही नावं ऐकून माणूस घाबरतो आणि चांगला बार परत ठेवतो.

कोको बटर हे त्यातलं पहिलं. माझी आई अजून विचारते, "बटर आहे ना गं त्यात?" कोको बटरचा लोण्याशी काहीही संबंध नाही. कोकोच्या भाजलेल्या गरात वजनाने जवळपास निम्मी चरबी असते, ती दाबून काढली की कोको बटर मिळतं. फिकट पिवळं, कडक, हातात धरलं की विरघळायला लागतं. कोकणातल्या वाचकांना सांगायचं तर आपल्या मुठेलाचा हा नातेवाईक. कोकमाच्या बियांपासून काढलेला तो पांढरा गोळा, जो आजी थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावायची. आणि ही नुसती उपमा नाही: चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज ज्या सहा वनस्पतींची चरबी युरोपीय संघाच्या नियमात चालते, त्यांत कोकमही आहे. आपल्याकडेही अशी इतर वनस्पतीजन्य चरबी ५ टक्क्यांपर्यंत चालते आणि ती घातली असेल तर पाकिटावर तसं लिहावं लागतं. ती ओळ दिसली तर दुधाच्या शंकेने घाबरायचं कारण नाही. पाम तेल टाळायचं असेल, तर तो वेगळा प्रश्न.

कोको मास, कोको लिकर, कोको सॉलिड्स: तिन्ही कोकोच. लिकर म्हणजे दारू नव्हे, दळून पातळ झालेला कोकोचा गर. लेसिथिन, म्हणजे चॉकलेट एकजीव ठेवणारा पदार्थ, बहुधा सोयाबीनचं किंवा सूर्यफुलाचं असतं. व्हॅनिला आणि व्हॅनिलिन दोन्ही चालतात.

आणि तीन शब्द असे, की ज्यांच्यावर विसंबून नवी माणसं हमखास चुकतात. 'लॅक्टोज-फ्री' म्हणजे दुधातली साखर काढलेली, दूध तिथेच असतं. 'एगलेस'मध्ये फक्त अंडं नसतं. 'शुगर-फ्री' या शब्दाचा तर दुधाशी काही संबंधच नाही, मिल्क सॉलिड्स असलेली 'शुगर-फ्री' डार्क चॉकलेटं मी पाहिली आहेत. जिमच्या कपाटातले डार्क चॉकलेट प्रोटीन बार वेगळेच. तिथलं प्रथिन बहुतेक वेळा व्हे असतं.

पायरी ४: आयएनएसचे आकडे

आयएनएस म्हणजे पदार्थात मिसळायच्या पूरक घटकांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक. आकडे बघून बिचकू नका. चॉकलेटमध्ये नेहमी येणारे मोजकेच आहेत.

३२२ म्हणजे लेसिथिन. ४७६ म्हणजे एरंडेल तेलापासून बनवलेला पदार्थ, चॉकलेट साच्यात पातळ ओतता यावं म्हणून घालतात. ४४२ हाही तसाच, वनस्पती तेलापासून केलेला. ४७१ हा चरबीपासून केलेला पदार्थ, तो वनस्पतीच्या किंवा प्राण्याच्या चरबीचा असू शकतो, पण भारतीय पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर प्राण्याची चरबी आपोआप बाद होते. दुसऱ्या पायरीत म्हटलं होतं तो फायदा हाच. परदेशी पाकिटावर मात्र ४७१ दिसला तर विचारावं लागतं. तिथे हेच आकडे 'ई' अक्षर लावून येतात.

हिरव्या ठिपक्याच्या आडून येणारे दोन आकडे पाठ करून ठेवा: ९०१ आणि ९०४. ९०१ म्हणजे मधमाशीचं मेण. ९०४ म्हणजे शेलॅक, आपली लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे थर धरतात, त्या थरापासून ती बनते. आपण बांगड्यांमध्ये आणि जुन्या टपालाच्या मोहरांमध्ये पाहिलेली लाख ती हीच. साध्या सपाट बारमध्ये हे दोन्ही नसतात. चॉकलेटचा लेप दिलेले बदाम, मनुका, कॉफीच्या बिया, गोळ्यांसारखे गुळगुळीत चमकणारे प्रकार असले की हे आकडे शोधा. ती चमक कशाची तरी असते.

पायरी ५: 'मे कंटेन मिल्क' या ओळीचं काय करायचं, ते घरी बसून ठरवा

घटकांत दूध नाही, पण खाली वेगळ्या ओळीत लिहिलेलं असतं की यात दुधाचा अंश असू शकतो. नव्या व्हिगन माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मीही सुरुवातीला असे सगळे बार सोडत होते, आणि खायला जवळपास काहीच उरलं नव्हतं.

आधी दोन ओळींतला फरक पाहा. 'कंटेन्स मिल्क' म्हणजे दूध घातलेलं आहे, विषय संपला. 'मे कंटेन' म्हणजे घातलेलं नाही, पण त्याच यंत्रावर दुधाचं चॉकलेटही बनतं.

आता प्रश्न येतो, यंत्र धूत का नाहीत? कारण चॉकलेटला पाण्याचं वावडं आहे. पातळ चॉकलेटमध्ये चमचाभर पाणी पडलं तरी ते एकदम घट्ट होऊन खरबरीत गोळा बनतं. घरी वितळवताना वाफेचे थेंब पडून हे झालेलं तुम्ही पाहिलं असेल. कारखान्यात ओल राहिली तर जंतूंचाही धोका. म्हणून चॉकलेट तासन्‌तास घोटणारी ती मोठी यंत्रं आणि नळ पाण्याने धुण्याऐवजी खरवडून घेतात, किंवा पुढचं चॉकलेट त्यातून सोडून आधीचं ढकलून काढतात. दुधाच्या खेपेनंतर डार्कची खेप घेतली तर थोडं दूध येतंच.

हा अंश कधी कधी 'थोडा'ही नसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिथल्या १०० डार्क बारची तपासणी केली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. १०० पैकी ६ बारवर दूध हा घटक म्हणून लिहिलेलाच होता. उरलेल्या ९४ मधल्या ६१ बारमध्ये दूध सापडलं.

आता निर्णय. तुम्हाला किंवा घरातल्या मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी असेल, तर ही ओळ असलेला बार आणायचाच नाही. यात घासाघीस नको. त्या माणसासाठी व्हिगन चिन्हसुद्धा पुरेसं धरू नका. दूध इमारतीतच येत नाही असं लेखी सांगणाऱ्या उत्पादकाकडूनच घ्या.

पण तुम्ही प्राण्यांसाठी दूध सोडलं असेल, तर माझं मत असं: ही ओळ असलेला बार घ्यायला हरकत नाही. तो बार विकत घेतल्याने एकाही गाईचं जास्तीचं दूध काढलं जात नाही. उलट बिनदुधाच्या बारला मागणी दिसली तर दुकानदार तो पुन्हा मागवतो. ब्रिटनमधली १९४४ साली स्थापन झालेली व्हिगन सोसायटीही या ओळीमुळे पदार्थ बाद धरत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंना मात्र असा बार घशाखाली उतरत नाही, आणि त्यांना तो खा असं मी कधीही म्हणणार नाही. तुमचं जे काही ठरेल ते घरी शांतपणे ठरवा. दुकानात उभं राहून दरवेळी नव्याने ठरवायला लागलात की महिनाभरात कंटाळून जाल.

पायरी ६: साखरेची शंका

इंटरनेटवर वाचून पुष्कळ जण विचारतात, की साखर पांढरी करायला हाडांचा कोळसा वापरतात, मग कुठलंच चॉकलेट व्हिगन कसं? अमेरिकेत उसाच्या साखरेच्या काही रिफायनऱ्यांमध्ये तो वापरतात, हे खरं आहे. पण आपल्या कोल्हापूर-सांगली-अहिल्यानगरकडच्या कारखान्यांत जी पांढरी साखर बनते तिची रीत वेगळी. उसाच्या रसात चुना घालतात, गंधक जाळून निघालेला वायू सोडतात, गाळ खाली बसला की निवळलेला रस आटवून दाणा पाडतात. यात हाडांचा कोळसा कुठेच येत नाही. भारतात भारतीय साखरेने बनलेल्या बारसाठी या प्रश्नावर मी वेळ घालवत नाही.

अमेरिकेतून आलेला बार असेल तर ऑरगॅनिक साखर लिहिली आहे का पाहा. तिथल्या ऑरगॅनिक नियमांत हाडांचा कोळसा चालत नाही. बिटाच्या साखरेलाही तो लागत नाही. ब्राउन शुगर मात्र सुरक्षित धरू नका, ती बऱ्याचदा पांढऱ्या साखरेतच मळी मिसळून केलेली असते.

पायरी ७: परदेशातून आलेलं चॉकलेट

दुबईहून, अमेरिकेहून कोणी आलं की बॅगेतून चॉकलेट निघतंच. यावर हिरवा ठिपका नसतो. भारतात आयात होऊन दुकानात आलेल्या बारवर आयातदाराचं स्टिकर असतं, आणि कधी कधी ते नेमकं मूळ घटकांवरच चिकटवलेलं असतं. स्टिकरवरची आणि शक्य असेल तर खालची, दोन्ही माहिती वाचा.

युरोपातल्या पाकिटांची एक सोय आहे: अ‍ॅलर्जीचे पदार्थ घटकांच्या ओळीतच उठून दिसतील असे, बहुधा ठळक अक्षरांत, छापावे लागतात. भाषा येत नसली तरी ठळक शब्द तेवढे फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतरित करून पाहा. दूध असेल तर तिथेच दिसतं.

चिन्हांमध्ये व्हिगन सोसायटीचं सूर्यफुलाचं चिन्ह भरवशाचं. युरोपात पिवळ्या रंगाचं, पानाच्या शेपटीचं 'व्ही' चिन्हही खूप दिसतं, पण ते शाकाहारी आणि व्हिगन अशा दोन्ही प्रकारांत मिळतं. चिन्हाखालचा शब्द वाचल्याशिवाय मानू नका.

पायरी ८: शंका उरली तर कंपनीला लिहा

पाकिटावर ग्राहक सेवेचा पत्ता, ईमेल किंवा फोन असतो. 'तुमचं चॉकलेट व्हिगन आहे का?' एवढंच विचारलंत तर 'आमची सर्व उत्पादने १०० टक्के शाकाहारी आहेत' असं छापील उत्तर येतं. मला एका मोठ्या कंपनीकडून तेच उत्तर तीन वेळा आलं. म्हणून प्रश्न असे सुटे सुटे करून विचारा:

१. या बारमध्ये दूध किंवा दुधापासून काढलेला कोणताही पदार्थ घटक म्हणून आहे का?
२. स्वादाच्या मिश्रणात दुधापासून बनलेलं काही आहे का?
३. वर चमक आणण्यासाठी मेण किंवा शेलॅक वापरलं आहे का?
४. याच यंत्रावर दुधाचं चॉकलेट बनतं का?

सोबत रॅपरच्या मागच्या बाजूचा फोटो आणि बॅच क्रमांक जोडा. म्हणजे त्यांना नेमका बार कळतो आणि गोलमोल उत्तर देणं अवघड जातं. लहान उत्पादक त्याच दिवशी, कधी कधी बनवणारी व्यक्ती स्वतः उत्तर देते. मोठ्या कंपनीला आठ-दहा दिवस द्या. उत्तर आलंच नाही तर तो बार माझ्या यादीत जात नाही.

पायरी ९: ज्याला रॅपरच नाही असं चॉकलेट

महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळ्याच्या दुकानांत काचेखाली मांडलेली सुटी 'होममेड डार्क' चॉकलेटं, दिवाळीच्या भेटीच्या डब्यातली रंगीत कागदातली, वाढदिवसाचा ट्रफल केक. यांतली बहुतेक तयार स्लॅब वितळवून साच्यात ओतलेली असतात. हा स्लॅब बऱ्याचदा 'डार्क कंपाउंड' असतो, म्हणजे कोको पावडर आणि वनस्पती चरबीचा. काही कंपाउंडमध्ये मिल्क सॉलिड्स असतात, काहींत नसतात. बघून किंवा चाखून ते कळत नाही.

'यात दूध आहे का?' असं विचारलं की विक्रेता प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो, कारण त्याने स्वतः दूध घातलेलं नसतं. त्याऐवजी म्हणा, "दादा, स्लॅबचं पाकीट दाखवता का?" एका दुकानातल्या काकूंनी आतून अर्धं वापरलेलं पाकीट आणून दिलं, आम्ही दोघींनी मिळून वाचलं, आणि व्हे पावडर त्यांनाही तेव्हाच कळली. त्यांनी मला पैसे परत दिले आणि पुढच्या खेपेला बिनदुधाचा स्लॅब मागवून ठेवला. पाकीट दाखवायला तयार नसतील तर घेऊ नका. चॉकलेट फज असेल तर विचारायचीही गरज नाही, त्यात दूध किंवा लोणी बहुधा असतंच.

केकचं सांगताना घरगुती बेकरताईंना 'डार्क चॉकलेटचा केक' एवढंच सांगून भागत नाही. स्लॅब बिनदुधाचा हवा, आणि ट्रफलमध्ये क्रीमऐवजी नारळाचं घट्ट दूध हवं, असं दोन्ही लिहून पाठवा.

पायरी १०: वाचलेल्या रॅपरचा फोटो तारखेसह ठेवा

फोनमध्ये एक वेगळा अल्बम करा. चाललेले बार एकीकडे, न चाललेले दुसरीकडे. दोन-तीन महिन्यांत आपल्या गल्लीतल्या दुकानाचं कपाट पाठ होतं. पण पाककृती बदलतात. माझा दोन वर्षं ठरलेला एक बार एका उन्हाळ्यात नव्या रॅपरमध्ये आला आणि त्यात मिल्क फॅट आलं होतं. पुढच्या बाजूला त्याबद्दल एक अक्षरही नव्हतं. म्हणून 'न्यू' किंवा 'इम्प्रूव्ड' असं काही दिसलं, रॅपरचा रंग बदलला, किंवा सहा महिने उलटले, की पुन्हा एकदा घडी उघडून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचं. आमच्याकडे हे काम अजून भाचीच करते. ती आता अकरावीत आहे आणि तिला ९०४ म्हणजे काय ते न बघता सांगता येतं.